सरपंच गेले, नगरसेवक आलेच नाहीत: साडेचार वर्षांनंतरचं आमचं पहिलं मतदान

धरणकाठ (१५ जानेवारी २०२६, रात्री)

काल संक्रांत झाली, आज मतदान. तिळगुळाचा डबा अजून ओट्यावरच आहे. सकाळी साडेआठला रांगेत उभी राहिले आणि पाऊण तासात बाहेर आले. लोकसभेला, विधानसभेला मतदान केलंय, ग्रामपंचायतीला तर दरवेळी केलंय. पण पुणे महापालिकेसाठी आयुष्यात आज पहिल्यांदा. आमची २३ गावं ३० जून २०२१ ला पालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, वाघोली, सूस, म्हाळुंगे, सगळी त्याच यादीतली. त्या दिवशी आमची ग्रामपंचायत बरखास्त झाली. पालिकेची मुदत पुढे मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झालीच नाही. म्हणजे सरपंच गेले आणि नगरसेवक आले नाहीत. साडेचार वर्षं आम्ही या दोघांच्या मधल्या जागेत राहिलो.

केंद्रातली एक गोष्ट सांगते. माझ्या पुढे आमच्याच आळीतल्या एक आजी होत्या, पंच्याहत्तरीच्या. आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणून यंत्रावर चार रंगांच्या पत्रिका: पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी. अ, ब, क, ड. आजींनी पहिल्या पत्रिकेवर बटण दाबलं, दिवा लागला, आणि झालं म्हणून त्या निघाल्या. अधिकारी बाईंनी हाक मारली, "आजी, अजून तीन राहिलीत." आजी परत फिरल्या, पण खोक्याआड नुसत्या उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "बाकीचे तिघं कोण गं?" आत कोणी काही सांगू शकत नाही, नियमच आहे तसा. पुष्कळ वेळाने तो लांब आवाज आला, मत पूर्ण झाल्याचा. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाल्या, "आता पाण्याचं ह्या चौघांतल्या कोणाला विचारायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. दिवसभर तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

पाणीच का, तर गेल्या वर्षीचा जानेवारी आठवा. गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण आमच्याच पट्ट्यात सापडायला लागले, सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड. चांगली चालती-बोलती माणसं, आधी पोट बिघडायचं, मग पायातली ताकद जायची, काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडल्याच्या बातम्या आल्या आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे गेली. खडकवासल्याची भिंत आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, आमच्याकडे कोरड नव्हती, भीती होती. महिनाभर मी मोठ्या पातेल्यात पाणी वीस-वीस मिनिटं उकळत होते. घरात सहा माणसं. सकाळी एक पातेलं, दुपारी एक, रात्री एक. वाफेने ओट्यावरच्या भिंतीला ओल आली. दात घासायलाही नळाचं पाणी नको म्हणून नातवाच्या मोरीत वेगळा तांब्या ठेवला होता.

त्या महिन्यात अधिकारी आले, आरोग्याची पथकं आली, घरोघरी पाहणी झाली. त्यांनी मनापासून काम केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सभागृहात उभं राहून "माझ्या भागातल्या लोकांना शुद्ध केलेलं पाणी कोणत्या तारखेपासून मिळणार?" असं विचारणारं आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहून घेणारं एकही माणूस नव्हतं. कारण सभागृहच नव्हतं.

राज्यघटना याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम २४३-यू म्हणतं, पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक मुदत संपायच्या आत पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले सर्वोच्च न्यायालयात अडकले, ते खरंच गुंतागुंतीचे होते. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्यायचा आदेश दिला, नंतर ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली, तेव्हा आजचा दिवस उगवला.

उद्या निकाल आहे. कोण निवडून येतंय यावर इथे भांडण नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. मला विचारायचंय ते एवढंच: नगरसेवक म्हणून जे कोणी येतील त्यांच्याकडून आपल्याला नेमकं काय हवं आहे, आणि ते मागायचं कसं?

कोथरूडचा_जुना (१५ जानेवारी, रात्री)

ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण थोडं वेगळं मत मांडतो. या चार वर्षांत कामं थांबली असं मला दिसलं नाही. मेट्रो धावायला लागली, स्वारगेटपर्यंत भुयारातून आली. चांदणी चौकाची कोंडी सुटली. सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला. आमच्या भागात नगरसेवक असतानाही गटाराच्या झाकणासाठी सहा महिने लागायचे. मग सभागृह नसल्याने एवढं काय बिघडलं? प्रशासनाने निदान रोज फलक तरी लावले नाहीत.

धरणकाठ

तुमचा प्रश्न रास्त आहे. तुम्ही सांगितलेली कामं मी पण वापरते, मेट्रोने तर लेकीकडे जाते. पण बघा, मेट्रो महामेट्रोची. चांदणी चौक राष्ट्रीय महामार्गाचा. त्यांना नगरसेवक असले काय आणि नसले काय. मोठ्या कामांना दिल्ली-मुंबईत वाली असतो. वाली नसतो तो गल्लीच्या दिव्याला, कचऱ्याच्या गाडीच्या वेळेला, टँकर रात्री दोनला येतो की सकाळी सातला याला.

आणि अंदाजपत्रक. हजारो कोटींचा हिशोब. स्थायी समिती नाही, मुख्य सभा नाही, दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच. म्हणजे मांडणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. या काळात एकामागून एक तीन आयुक्त झाले. त्यांच्यातला कोणी वाईट होता असं मी म्हणत नाही. पण एकाच माणसाने प्रश्न विचारायचा आणि उत्तरही त्यानेच द्यायचं, ही रीत कितीही भल्या माणसाच्या हाती दिली तरी चुकीचीच.

पेठेतली (१६ जानेवारी, सकाळी)

धागा चांगला आहे. यात एक भर घालते, कारण ही गोष्ट पुणेकर फार लवकर विसरले.

कसब्याच्या आमदार मुक्ताताई टिळक डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. २६ फेब्रुवारी २०२३ ला पोटनिवडणूक झालीसुद्धा. दोन महिन्यांत. त्यानंतर महिनाभरात, २९ मार्च २०२३ ला खासदार गिरीश बापट गेले. ती जागा जून २०२४ पर्यंत रिकामी राहिली. सव्वा वर्षाच्या आसपास. कायदा सांगतो की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. एका नागरिकाने उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली, आणि मग सार्वत्रिक निवडणूकच आली.

म्हणजे त्या सगळ्या काळात पुणे शहराला खासदार नव्हता आणि एकही नगरसेवक नव्हता. आमच्या वाड्यातले ९१ वर्षांचे आजोबा तेव्हा म्हणायचे, "पानशेत फुटलं तेव्हासुद्धा कोणाच्या दारात जायचं ते माहीत होतं." मी तेव्हा हसले नाही आणि आजही हसत नाही. १२ जुलै १९६१ ला, ते धरण फुटलं त्या दिवशी, त्यांच्या घरात गळ्यापर्यंत पाणी होतं.

धरणकाठ

पानशेतचं नाव काढलंत म्हणून सांगते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि नदीकाठच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात. माझी मावसबहीण तिथेच राहते. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बसून तिने सकाळ काढली. खाली तिच्या स्वयंपाकघरातले डबे तरंगत होते आणि एकमेकांवर आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. पाणी ओसरल्यावर मी गेले होते, चिखलातून तिचा मसाल्याचा डबा काढला, सातही वाट्यांत गाळ. नेते सगळे येऊन गेले, मदतही मिळाली. पण पूररेषा, नदीपात्रातला भराव, भोंगा कधी वाजणार, हे प्रश्न पुढच्या पावसाळ्याच्या आत कुणीतरी महिन्याच्या महिन्याला विचारत राहायला हवं होतं. एकदा येऊन गेलेला माणूस ते करू शकत नाही.

निवृत्त_गुरुजी (१६ जानेवारी, दुपारी)

मी शिक्षक होतो, त्यामुळे निवडणुकीचं काम पुष्कळ वर्षं केलं. आजींच्या गोष्टीत मला नवल वाटलं नाही. चुकतं ते आजींचं नाही.

पुण्याचा इतिहास बघा. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग. २००७ ला एक सदस्याचा वॉर्ड. २०१२ ला दोनचा. २०१७ ला चारचा. २०२२ साठी तीनचा आखला, हरकती-सूचना झाल्या, सरकार बदललं आणि तो रद्द झाला. आता परत चारचा: ४१ प्रभाग, त्यातले ४० चारचे आणि एक पाचचा, मिळून १६५ जागा. दर पाच वर्षांनी सीमा बदलतात, संख्या बदलते. मतदाराला सवय लागेपर्यंत नवा खेळ. मुलांना दरवर्षी निराळी बाराखडी शिकवली तर वाचायला येईल का?

चार माणसं एका प्रभागात असली की काम कुणाचं हे ठरत नाही. अ म्हणतो ते क कडे, क म्हणतो ते ड च्या घराजवळ आहे. श्रेयाच्या वेळी मात्र चौघांची नावं एकाच कोनशिलेवर.

मुंबईकर

गुरुजींना अनुमोदन. आमच्याकडे २२७ वॉर्ड आणि प्रत्येकी एक नगरसेवक. आमची मुदतही मार्च २०२२ लाच संपली होती, त्यामुळे तुमचं दुःख समजतं. पण काल मी एक बटण दाबलं आणि घरी आलो. माझा माणूस कोण हे मला आज निकालानंतर एका वाक्यात कळेल.

कोथरूडचा_जुना

एक सदस्याच्या वॉर्डाचे तोटेही सांगा की. २००७ ला आम्ही ते पाहिलंय. वॉर्ड छोटा म्हणजे शे-दोनशे मतांवर निकाल, म्हणजे गल्लीतला दांडगा माणूस किंवा पैसा. शिवाय छोट्या वॉर्डात नगरसेवक नाल्यापलीकडचं बघतच नाही. मोठ्या प्रभागात निदान रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विचारात येतो.

निवृत्त_गुरुजी

हे खरं आहे, मान्य. मी चार की एक यावर अडून नाही. जे ठरवायचं ते एकदा ठरवा आणि वीस वर्षं बदलू नका, एवढंच माझं मागणं.

चाकवाला (१६ जानेवारी, संध्याकाळी)

मी रोज सायकलने कामावर जातो, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. मला माझ्या भागातून बोलायचंय.

सोमवारपासून, १९ ते २३ जानेवारी, पुणे ग्रँड टूर आहे. आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, चार टप्पे आणि आधीचा प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी फेरी, मिळून ४३७ किलोमीटर. त्यासाठी गेले काही महिने रस्ते झाले. मी त्यातल्या एका रस्त्यावरून रोज जातो. आधी तिथे चेंबरचं झाकण रस्त्याच्या चार बोटं खाली होतं. पावसात ते दिसायचं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये माझं पुढचं चाक त्यात गेलं, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तक्रार केली होती, "निवारण झाले" असा मेसेजही आला होता, झाकण तिथेच. आता शर्यतीच्या आधी ते झाकण रस्त्याच्या बरोबरीला आलंय. मी परवा थांबून बोट फिरवून पाहिलं, कड हाताला लागत नाही.

मला शर्यतीचा राग नाही, उलट मी बघायला जाणार आहे. हे शहर एके काळी सायकलींचं होतं, माझे वडील खडकीच्या कारखान्यात सायकलनेच जायचे. मला एवढंच कळलं की झाकण बरोबरीला आणणं शक्य असतं. मग ज्या रस्त्यावरून शर्यत जात नाही तिथे ते का होत नाही, हा प्रश्न मी माझ्या चार नगरसेवकांना विचारणार आहे.

पेठेतली

चाकवाला, मनगट आता कसं आहे? आणि तक्रारीचा मेसेज जपून ठेवा. तारखेसकट.

चाकवाला

बरं आहे, थंडीत दुखतं. मेसेज ठेवलाय.

धरणकाठ (१६ जानेवारी, रात्री)

निकाल लागले. आमच्या प्रभागातले चौघं कोण ते कळलं. अभिनंदन त्यांचं, माझं मत ज्यांना होतं त्यातले सगळे आले नाहीत, पण ते आता महत्त्वाचं नाही.

चाकवाला यांनी लिहिलं त्यावरून मला माझ्याच प्रश्नाचं थोडं उत्तर मिळालं. मागायचं ते नेमकं मागायचं. "पाण्याचा प्रश्न सोडवा" असं म्हटलं की सगळे हो म्हणतात. "आमच्या टाकीत येणारं पाणी कुठे शुद्ध होतं, क्लोरीन कोण आणि किती वाजता मोजतं, तो आकडा रोज टाकीच्या भिंतीवर लिहा" असं म्हटलं की हो किंवा नाही म्हणावं लागतं. ग्रामपंचायत असताना आमचा पाणीवाला तुरटी आणि पावडर टाकून विहिरीच्या कट्ट्यावर खडूने खूण करायचा. अडाणी पद्धत होती, पण जाता-येता प्रत्येक बाई ती खूण बघायची.

दुसरं, जागा. पालिकेत १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत आणि प्रभाग समित्या कायद्यातच आहेत, त्याच ७४ व्या दुरुस्तीतून आलेल्या. त्या बसायला लागल्या की आपण तिथे जायचं. आणि नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक, ते पुण्यात २००६ पासून आहे. फूटपाथ, दिवे, बाक, बसथांबा अशी छोटी कामं आपण अर्ज भरून सुचवू शकतो. आमच्या गावात किती जणांना हे माहीत आहे? मी आज पाच घरी विचारलं, एकालाही नव्हतं. गावात ग्रामसभा होती, २६ जानेवारीची, १ मेची. तिथे बायका उभ्या राहून बोलायच्या. शहरात आल्यावर आम्हाला कोणी सांगितलंच नाही की बोलायची जागा कुठे आहे. ग्रामसभेसारखी क्षेत्रसभा शहरातही घेता येते, कायद्यात तशी तरतूद आहे. ती घ्यावी म्हणून मी पहिला अर्ज देणार आहे.

तिसरं मला फार मनापासून सांगायचंय. १६५ पैकी ८३ जागा महिलांच्या. म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. आमच्या चौघांतही बायका आहेत. त्यांना फोन केला की त्यांनीच उचलावा. यजमानांनी किंवा दिरांनी "बोला, काय काम आहे" म्हणू नये. आमच्या सरपंचबाईंच्या बाबतीत पहिली दोन वर्षं तसंच चाललं. मग एका ग्रामसभेत माझ्या सासूबाई उठून म्हणाल्या, "आम्ही मत हिला दिलंय, हिलाच बोलू द्या." सभा गप्प झाली. त्यानंतर बाई बोलायला लागल्या आणि गावाला कळलं की टाकीचा हिशोब त्यांना कुणाहीपेक्षा जास्त येत होता.

पेठेतली

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

धरणकाठ

त्या आता नाहीत. पण सांगितला असं समजते.

निवृत्त_गुरुजी (१७ जानेवारी, सकाळी)

क्षेत्रसभेच्या अर्जाचा मसुदा करायचा असेल तर मला सांगा, अक्षर अजून बरं आहे. एक सूचना: अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. तोंडी कबुलीवर घरी येऊ नका.

कोथरूडचा_जुना

मी सुरुवातीला विचारलं होतं की काय बिघडलं. क्लोरीनची खडूची खूण वाचून मुद्दा पोचला. आमच्या सोसायटीत टँकर येतात, त्यांचं पाणी कोणी मोजतं का हे मी आजवर विचारलेलं नाही. आज विचारतो.

धरणकाठ (१७ जानेवारी, संध्याकाळी)

गुरुजी, मसुदा नक्की करून द्या, व्यनि (खाजगी निरोप) करते.

आज त्या आजींकडे गेले होते. तिळगूळ द्यायचा राहिला होता. त्यांच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी भिंतीवर एक कॅलेंडर असतं, आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले नंबर. गॅसवाला, डॉक्टर, मुलगा. सगळ्यात वर सरपंचांचा नंबर होता, त्यावर २०२१ साली कधीतरी त्यांनी काट मारलेली. तिथली जागा रिकामीच होती.

मी कार्डावरून चौघांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिले. आजी म्हणाल्या, चार कशाला, एकच सांग. मी म्हटलं, चारही लिहू, आणि पहिला आत्ता लावून बघू. पहिला लागला नाही. दुसरा लागला. बाईंनी स्वतः उचलला, मागे ढोल वाजत होते, मिरवणूक चालू असावी. आजींनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि आपलं नाव, आळी, नळाला पाणी किती वाजता येतं आणि त्याचा रंग कसा असतो ते सगळं सांगितलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "आजी, मंगळवारी येते."

आजींनी कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकटीत पेन्सिलीने गोल केलाय. मंगळवारी काय होतं ते इथेच लिहीन.